सात खांबांचा खुलासा

नियामक प्राधिकरणाचे पत्र येऊन चौदा दिवस झाले होते आणि खुलासा पाठवण्याची मुदत आज सायंकाळी सहा वाजता संपत होती. दुपारचे अडीच वाजून गेले, तरी कचेरीतल्या लांब मेजाभोवती बसलेल्या कुटुंबाचे एका वाक्यावरही एकमत झालेले नव्हते. तेरा दिवस प्रत्येकाने ते पत्र दुसऱ्याच्या मेजावर सरकवण्यात घालवले होते. चौदाव्या दिवशी सरकवायला मेजच उरले नाही, तेव्हा दादांनी सर्वांना बोलावले आणि दार लावून घेतले.

दादा म्हणजे थोरले बंधू. इमारती बांधणाऱ्या या पेढीचे प्रमुख तेच, परवाना त्यांच्याच नावावर, आणि म्हणून पेढीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नकाशावर सही त्यांची. त्यांच्या उजव्या हाताला धाकटे बंधू बापू बसले होते. बांधकामावरची देखरेख त्यांच्याकडे असे, आणि कचेरीत आले की बुटांची माती जमिनीवर पडू नये म्हणून ते पाय खुर्चीखाली ओढून घेत. समोर दादांचा मुलगा. लहानपणी त्याचे तोंड क्षणभर मिटत नसे म्हणून त्याला पोपट म्हणू लागले, आणि पुढे त्याने पेढीची जाहिरात व विक्री हाती घेतल्यावर ते नाव सोडण्याचे कारणच राहिले नाही. त्याच्या शेजारी त्याची आई. वहिनी एरवी कचेरीकडे फिरकत नसत. आज मुलावर काही शेकणार असे दिसताच हातातले काम टाकून आल्या होत्या. मेजाच्या अगदी शेवटी, मोठ्या पडद्याच्या संगणकापाशी, दोन भावांच्या मधली बहीण बसली होती. पोपटाची ती आत्या, म्हणून बांधकामावरच्या गवंड्यांपासून हिशेबनिसापर्यंत सारे त्यांना आत्याबाईच म्हणत.

एकतीस वर्षे पेढीची प्रत्येक इमारत आधी आत्याबाईंच्या हाताखालून गेली होती. प्रारंभी ती ट्रेसिंग कागदावर शाईने उमटे. पुढे, ज्या वयात माणसे आता नवे काही शिकायचे नाही असे मनाशी ठरवून टाकतात त्या वयात, त्यांनी संगणकावर घर उभे करण्याची विद्या हस्तगत केली. भिंत उभी करताच तिला लागणाऱ्या विटांची संख्या सांगणारा, खिडकी वीतभर सरकवली की जमिनीवरचे ऊनही तितकेच सरकवून दाखवणारा तो त्रिमितीय नमुना पहिल्यांदा पडद्यावर फिरला, तेव्हा आत्याबाईंनी नकळत हात जोडले होते. त्यावरून बापू त्यांना पुढे कितीतरी दिवस चिडवीत. परंतु एवढ्या वर्षांत त्यांचे नाव कोणत्याही नकाशावर गेले नव्हते. परवाना दादांचा, म्हणून सही दादांची. यात कोणी मुद्दाम अन्याय केला होता असे नाही. कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

पत्रातला मजकूर मोजका होता. चव्वेचाळीस घरांच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर सर्वांसाठी एक वाचनदालन योजलेले होते. पेढीने लोकांना दाखवलेल्या चित्रफितीत ते दालन दारापासून पलीकडच्या बागेपर्यंत सलग मोकळे दिसत होते. प्राधिकरणाकडे नोंदवलेल्या नकाशात मात्र त्याच दालनात सात खांब होते. घर घेणाऱ्यांपैकी एक निवृत्त ग्रंथपाल बाई सहज बांधकाम पाहायला गेल्या. जमिनीतून कमरेइतके वर आलेले सळयांचे सात जुडगे त्यांनी मोजले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले टाकून पाहिली, आणि घरी जाऊन चित्रफीत पुन्हा लावली. मग त्यांनी तक्रार लिहिली.

जाहिरातीत जे दाखवाल ते बांधून द्या, नाहीतर ज्याला माघार घ्यायची असेल त्याला विनाअट जाऊ द्या, असा कायदा होता. त्याखेरीज खुलाशाच्या अर्जात एक रकाना होता: दिशाभूल करणारा नमुना तयार करणाऱ्या व्यक्तीचे नाव. ज्याचे नाव तिथे जाईल त्याला तीन वर्षांपर्यंत कोणत्याही नोंदणीकृत प्रकल्पावर काम करण्यास मनाई होऊ शकत होती. दोन आठवडे सर्वांचे घोडे याच रकान्यापाशी अडले होते.

खांब काढता येतील का, हा प्रश्न बापूंनी आरंभीच निकालात काढला. पाया भरून झाला होता. खांब नको म्हटले तर छताखाली एवढ्या जाड तुळया घ्याव्या लागतील की उंच माणूस दालनात शिरताना मान वाकवील. तेव्हा खांब राहणार हे ठरलेले. प्रश्न होता तो कोणी काय म्हणायचे याचा.

दादांनी चष्मा पुसला आणि आपला मसुदा वाचून दाखवला. सदर चित्रफीत बाहेरच्या एका संस्थेने तयार केली असून तीत अनवधानाने तांत्रिक त्रुटी राहून गेली आहे, असा त्याचा सारांश होता. ही बाहेरची संस्था म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दोन संगणक मांडून बसलेल्या दोन तरुण मुली. बापूंनी मान डोलावली. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पोपटाने तर अर्ज उघडून त्या मुलींच्या संस्थेचे नाव लिहायला घेतले.

"त्यांनी काय केलं, दादा?" आत्याबाईंनी विचारले. "गवत पेरलं, पाखरं सोडली, बाकावर एक म्हातारा आणून बसवला. खांब त्यांनी काढले नाहीत. त्यांना मिळालेच नव्हते."

दादा म्हणाले की हे कोणाला कळणार आहे. आत्याबाई म्हणाल्या की त्या दोघींना कळणार आहे, आणि त्यांच्याकडे पेढीने पाठवलेली मूळ फाईल आहे. यावर खोलीत शांतता झाली. ती शांतता सत्याविषयीच्या आदरापोटी नव्हती, त्या फाईलच्या भीतीपोटी होती, हे आत्याबाईंना कळत होते. पण त्यांनी तेवढ्यावर समाधान मानले.

मग वहिनींनी पदर सावरला. मुलाच्या अंगावर येणारे काही दिसले की त्यांचा स्वर अतिशय मृदू होत असे.

"वन्सं, राग मानू नका. माझ्या मुलाने जे मिळालं ते दाखवलं. तुमच्या नमुन्यातच खांब नव्हते, तर त्याने ते कुठून आणायचे?"

"नकाशा वाचता आला असता तर आणले असते," बापू म्हणाले.

बापू बहिणीच्या बाजूने असे उभे राहिलेले पाहून आत्याबाईंना बरे वाटले. ते बरे वाटणे फार टिकले नाही.

"काका, तुम्हाला येतो ना वाचता?" पोपटाने शांतपणे विचारले. "चित्रफीत तुम्हीही पाहिलीत. पहिल्याच दिवशी, पहिल्या रांगेत बसून. टाळ्याही वाजवल्यात."

बापूंनी पाय खुर्चीखाली आणखी आत ओढले. खांब नसल्याचे आपल्याला त्याच वेळी दिसले होते, हे त्यांनी मग कबूल केले. पण त्यांना वाटले, जाहिरात आहे. त्यात सूर्यही उत्तरेकडून वर आला होता; त्याविषयी जर बोलायचे नव्हते, तर खांबांविषयी कशाला बोलायचे? दादा यावर संतापले. रोज त्या सळयांमधून फिरणाऱ्या माणसाने मूग गिळून बसावे, आणि उत्तर देण्याची पाळी पेढीच्या प्रमुखावर यावी, असे बरेच काही ते बोलले. बापू खाली मान घालून ऐकत राहिले. पोपटाने मात्र आपल्या फोनवर काहीतरी शोधले आणि तो फोन वडिलांपुढे ठेवला.

"बाबा, चित्रफीत मी तुम्हाला अकरा वाजून दोन मिनिटांनी पाठवली. तुमची मंजुरी आली अकरा वाजून चार मिनिटांनी. चित्रफीत सहा मिनिटांची आहे."

दादांनी फोनकडे पाहिले आणि तो अलगद उलटा करून ठेवला. वहिनींनी पतीकडे पाहिले, मग मुलाकडे, आणि कोणाची बाजू घ्यावी हे न सुचून खिडकीबाहेर पाहू लागल्या. एकापाठोपाठ एक सर्वांचे पाय त्याच मातीने भरलेले निघाले होते. त्यामुळे क्षणभर खोलीत एक प्रकारचा जिव्हाळा पसरला. चुकीत सोबत मिळाली की माणसांना तशी ऊब वाटतेच.

"पण छबू," दादा जरा वेळाने म्हणाले. आत्याबाईंना या नावाने हाक मारणारी आता जगात दोनच माणसे उरली होती. "तुझ्या नमुन्यात खांब का नव्हते, ते काही मला समजलेलं नाही. तू विसरणारी नाहीस."

आत्याबाईंनी सांगायला आरंभ केला, आणि सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आले की हे त्यांनी स्वतःलाही आजवर कधी सांगितलेले नव्हते.

पेढी उभी केली ती त्यांच्या वडिलांनी, नानांनी. नाना मुळातले गवंडी. नकाशा पाहण्याची त्यांची एक रीत होती. कोणत्याही इमारतीचा कागद समोर आला की ते म्हणत, आधी मोकळं दाखव, मग खांब घाल. म्हणून आत्याबाई भिंती आणि खिडक्या एका ट्रेसिंग कागदावर काढीत, आणि खांब दुसऱ्यावर. नाना पहिला कागद पुष्कळ वेळ न्याहाळीत. घर घेणारा माणूस एवढ्या मोकळ्या जागेचे स्वप्न घेऊन येतो. त्यातली किती जागा आपण खाणार आहोत ते आपल्याला आधी कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मग दुसरा कागद पहिल्यावर अंथरायचा, आणि एकेका खांबावर बोट ठेवून नाना विचारीत, हा का? ज्या खांबाला उत्तर नसे तो सरकवावा लागे, नाहीतर काढावा लागे. पेढीच्या इमारतींत अडचणीच्या जागी खांब सापडत नाही, असा जो लौकिक गावात होता, तो या एका प्रश्नातून आलेला होता.

संगणक आला तेव्हा आत्याबाईंनी हीच रीत त्यात नेली. खांब एका वेगळ्या थरात ठेवले. एक कळ दाबली की ते अदृश्य होत, पुन्हा दाबली की उभे राहत. नानांना दाखवण्यासाठी खांबांवाचूनचे एक दृश्य प्रत्येक नमुन्यात जपून ठेवलेले असे. आजवर ते कचेरीबाहेर गेलेले नव्हते. या इमारतीची चित्रफीत थेट नमुन्यावरून करायची असे ठरले. त्या दिवशी पोपट मागे येऊन उभा राहिला, नानांनी पडदा पाहून "झालं, उत्तम" म्हटले, आणि नानांनी पसंत केलेले तेच अखेरचे असे समजून पोपटाने ते उचलले.

"मी आणखी काय समजायचं होतं?" पोपट म्हणाला. त्याच्या आवाजातली धार एव्हाना गेली होती. "नाना उत्तम म्हणाले की या घरात पुढे कोणी काही विचारतं का?"

कोणीच विचारीत नसे. आत्याबाईंनी तसे म्हटलेही. परंतु त्यांच्या मनात एक कुसळ तेवढ्यात सलून गेले होते आणि ते नेमके कुठे आहे ते त्यांना उमगत नव्हते.

चार वाजता दारावर टकटक झाली. ही नानांची वेळ. रोज चार वाजता ते आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत कचेरीत येत आणि पडद्यासमोर हातभर अंतरावर ठेवलेल्या आपल्या खुर्चीवर बसत. नव्वदी ओलांडलेल्या त्या डोळ्यांतली मधली दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली होती. माणसांचे चेहरे त्यांना दिसत नसत. उजेड आणि त्याच्या कडा तेवढ्या दिसत. पत्राविषयी त्यांना काही कळू द्यायचे नाही, या एकाच बाबतीत गेले चौदा दिवस घरात संपूर्ण एकमत होते.

बापूंनी दार उघडून त्यांना आत घेतले. आज एवढी माणसे का जमली, असे नानांनी श्वासांच्या आवाजावरूनच विचारले. दादा म्हणाले, सहज. नाना खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "छबू, ते वाचनाचं दालन चालव जरा. काल रात्री माझ्या मनात होतं."

आत्याबाईंनी दृश्य उघडले. दारातून आत, मोकळ्या जमिनीवरून, पलीकडच्या बागेच्या उजेडाकडे. नानांच्या सुरकुतलेल्या मुखावर नेहमीचे हसू पसरू लागले. ते हसू पाहत असताना आत्याबाईंना आपल्या मनातले कुसळ सापडले, आणि त्यांनी कळ दाबली.

पडद्यावरच्या उजेडात सात काळसर उभ्या पट्ट्या उमटल्या.

"हे काय मध्ये आलं?"

"खांब, नाना."

"किती?"

"सात."

दादांनी डोळ्यांनी खुणावले की पुरे. आत्याबाईंनी तिकडे पाहिले नाही. नाना पुढे झुकले, त्यांनी तर्जनी पडद्याला जवळजवळ टेकवली आणि पहिल्या पट्टीवर धरली.

"हा का?"

"वरून जिना उतरतो. त्याचा भार आहे."

"आणि हा?"

"हा वरच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीखाली आहे. हातभर सरकवला तर एका घराच्या ओट्यासमोर येतो."

"मग इथेच बरा. सर्वांच्या खोलीतली अडचण सगळे वाटून घेतात. स्वयंपाकघरातली एकट्या बाईला रोज सोसावी लागते."

असे करीत सातही झाले. एकाही उत्तराला आत्याबाई अडखळल्या नाहीत. प्रत्येक खांब त्यांनी कितीदा तरी हलवून पाहिलेला होता. नानांनी बोट खाली घेतले, सातही योग्य असल्याचे सांगितले, आणि मग मान मुलांच्या दिशेने वळवून विचारले की आज अचानक खांब का दाखवले. आत्याबाईंनी सारे सांगितले. चित्रफीत, ग्रंथपाल बाई, त्यांनी मोजलेले सळयांचे जुडगे, सहा वाजताची मुदत. दादांनी दोनदा बोलण्याचा प्रयत्न केला. नानांनी हात वर करून त्यांना थांबवले.

"मला दुसरा कागद कधीपासून दाखवला नाहीस?"

"तुमची दृष्टी गेली तेव्हापासून. चार वर्षं. पाच इमारती."

"का?"

पोपट मध्ये पडला. नानांना त्रास होईल म्हणून असेल, असे काहीसे तो म्हणू लागला.

"तू गप्प बस, पोपटा. मी हिला विचारतोय."

आत्याबाई म्हणाल्या, "मोकळं पाहिलंत की तुम्ही हसायचात, नाना. तेवढ्यावरच थांबावंसं वाटायचं."

नाना बोलले तेव्हा त्यांच्या स्वरात राग नव्हता. एखादे माप पुन्हा एकदा लावून पाहावे, तसा तो स्वर होता.

"म्हणजे त्या बाईंच्या आधी फसलो तो मी."

"हो."

"आणि मी हसलो की काम संपलं, हे तुला कोणी सांगितलं? मी हसायचो ते आता खांब येणार म्हणून. आपलं खरं काम तिथून पुढे होतं ना गं."

आत्याबाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. चार वर्षे त्यांनी एका वृद्धाला सुख द्यावे म्हणून त्याचे एकमेव काम त्याच्यापासून काढून घेतले होते, आणि त्यालाच त्या दया समजत होत्या. बापूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भिंतीवरचे घड्याळ पाचाकडे सरकत होते.

"दादा," त्या म्हणाल्या, "त्या रकान्यात माझं नाव घाल."

दादा ताडकन म्हणाले की ते शक्य नाही. तीन वर्षे हात बांधून बसावे लागेल. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला तीन वर्षांनंतर पुन्हा कामाला कोण उभे करतो? त्या संगणकापुढे बसल्यावाचून छबूचा एक दिवस गेलेला आपण पाहिलेला नाही, ती आजारी पडेल. बाहेरच्या मुलींचे नाव नको हे मान्य. मग प्रमुख म्हणून आपले नाव जाऊ दे. बापूंनी सांगितले की दादांचा परवाना गेला तर उद्या बांधकामाचे फाटक लावावे लागेल. पोपट म्हणाला, माझे घाला. वहिनींचा चेहरा उतरला, पण त्यांनी मुलाला अडवले नाही, आणि हे आत्याबाईंच्या नजरेतून सुटले नाही. दोन तासांपूर्वी जो रकाना कोणालाच नको होता, त्यासाठी आता चढाओढ लागली होती.

"तुम्ही सगळे मला पाठीशी घालताय," आत्याबाई म्हणाल्या, "ते मला कळतं. पण ऐक, दादा. एकतीस वर्षं माझं काम तुझ्या नावावर गेलं. त्याचं मला खरंच कधी काही वाटलं नाही. ही चूक मात्र माझी आहे. आज पहिल्यांदा कोणी सरकारी कागदावर विचारतंय की हे कोणी केलं. इथेही तुझंच नाव गेलं, तर एवढी वर्षं मी या खोलीत होते कुठे?"

दादांनी नानांकडे पाहिले, जणू न दिसणाऱ्या त्या डोळ्यांकडून काही खूण मिळेल. नाना पडद्याकडे तोंड करून स्वस्थ बसले होते. अखेर दादांनी आपला मसुदा उचलला, मधोमध फाडला आणि पोपटाला म्हणाले, "लिही, आत्या सांगेल तसं."

मग काम भराभर झाले. आत्याबाई सांगत गेल्या आणि पोपट लिहीत गेला. दालनात सात खांब आहेत आणि ते राहतील. चित्रफितीत ते दिसत नाहीत, कारण नमुना करणाऱ्या व्यक्तीने ते झाकलेले दृश्य कचेरीत ठेवले होते. बापूंनी एक वाक्य जोडायला सांगितले: बांधकामावर देखरेख करणाऱ्यास ही तफावत दिसली होती, त्याने ती कळवली नाही. दादांनी घसा खाकरला आणि चित्रफितीला मंजुरी देताना आपण ती पाहिलेली नव्हती, हेही घालायला लावले. चव्वेचाळीसही घरांना पत्र जाईल, ज्यांना सोडायचे आहे त्यांनी सोडावे, या ओळीपाशी पोपटाची बोटे अडली. निम्मी माणसे जातील, असे तो पुटपुटला. नाना म्हणाले, जातील ती खांबांमुळे जातील की पत्रामुळे, ते त्यांचे त्यांना ठरवू दे. आणि पोपटाने ओळ पूर्ण केली. जुनी चित्रफीत आजच काढून घ्यायची आणि नवी खांबांसकट करायची, हे तर त्याने न सांगताच लिहिले. त्या दोन मुलींच्या संस्थेचे नाव त्याने स्वतःच्या हाताने पुसले.

सव्वापाच वाजता तो रकाना आला. पोपटाने आत्याचे नाव लिहिले आणि पुढच्या चौकटीवर थबकला.

"इथे पद विचारलंय."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आत्याबाईंना पेढीत पद नव्हते. एकतीस वर्षांत तशी गरजच पडली नव्हती. आत्याबाईंना विचारा, एवढे म्हटले की गवंड्यालाही पुरत असे. चौकट रिकामी ठेवता येते का, असे आत्याबाईंनी विचारले. पोपटाने तसे करून पाहिले. अर्ज पुढे सरकेना.

"आरेखन विभागप्रमुख लिही," बापू म्हणाले.

"विभागात माणसं किती, असं खाली विचारलंय, काका."

"एक."

इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी तेव्हा पतीकडे वळल्या. "अहो, काहीतरी नीट पद द्या त्यांना. बिनपदाच्या बाईला एवढी मोठी चूक करता येते, यावर त्या साहेबांचा विश्वास बसायचा नाही."

आधी बापू हसले, मग पोपट, आणि शेवटी आत्याबाईही डोळे पुसत हसल्या. वहिनींनी त्यांचा चष्मा उचलून, पदराने पुसून, त्यांच्या हातात दिला. दादा मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, सभेत उभे राहत तसे.

"मुख्य संकल्पक," ते म्हणाले. "लिही."

नानांनी मान हलवली. पोपटाने लिहिले. पुढच्या चौकटीत विचारले होते, या पदावर केव्हापासून. त्याने ते वाचून दाखवले. छबू कामाला आली त्या दिवसाची तारीख घाल, दादा म्हणाले, एकतीस वर्षांपूर्वीची. तो दिवस नानांना अचूक आठवत होता, वारासकट. पोपटाची बोटे चालू लागली.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "आजची घाल."

"अगं छबू, पण हे तुझ्या हक्काचं—"

"काल मला पद नव्हतं, दादा. आणि आपण खुलासा लिहितोय."

दादा खाली बसले. पोपटाने लिहिलेले खोडले आणि आजची तारीख घातली.